पवनचक्कीवर एकदाच

नंदुरबारला डिप्लोमाला असताना आमच्या इलेक्ट्रिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मी रनाळ्याची. ती तळोद्याच्याही पुढची, जीपने सातपुडा चढून गेल्यावर लागणाऱ्या एका पाड्यावरची. पहिल्याच दिवशी सरांनी आमची नावं विचारायच्या आधी गावं विचारली. त्या दिवसापासून ती मला 'रनाळे' म्हणायला लागली आणि मी तिला 'तळोदा'. तळोदा तिचं गाव नव्हतं. ते तिने मला कितीदा तरी सांगितलं, पण नाव पडलं ते पडलं.

ती घरी पावरी बोलायची, मी अहिराणी. आमच्यात मराठी होती ती शाळेतली, पुस्तकातली, थोडी अवघडलेली. "तू डबा आणला आहेस का?" असं आम्ही एकमेकींना विचारायचो आणि हसायचो. हळूहळू तिच्या बोलण्यात माझे 'शे' आणि 'नई' आले. माझ्या डब्यात तिच्या घरची भगर आणि मोहाच्या फुलांचं काहीबाही यायला लागलं.

मी इलेक्ट्रिकल घेतलं ते आप्पांमुळे. माझे वडील वायरमन होते. शेती होती, कापूस आणि मिरची, ती काका बघायचे. आप्पांची खरी जागा खांबावर. रस्त्याने जाताना ते माणसांकडे कमी आणि तारांकडे जास्त बघायचे. कुठे झोळ पडलाय, कुठे चिमणीने घरटं केलंय, कुठे फांदी टेकतेय. मला मुलगा असल्यासारखं वाढवलं वगैरे काही नाही. त्यांना बोलायला कोणी तरी लागायचं आणि ऐकणारी मीच होते. फ्यूज कसा बांधायचा ते मी पोळी लाटायच्या आधी शिकले.

मी शाळेत असताना आमच्या बाजूच्या माळावर पवनचक्क्या आल्या. त्यांचे पंखे घेऊन येणारे ट्रेलर इतके लांब होते की वळणावर ते अडकायचे, मग बाभळी तोडायच्या, कुणाचं कुंपण काढायचं, आणि सगळं गाव बघायला उभं. गुरुजींनी वर्ग सोडून आम्हाला तिकडे नेलं होतं. नंतर ते पंखे फिरायला लागले. संध्याकाळी गावात लोडशेडिंग असायचं आणि माळावर ते फिरत असायचे. आप्पा ओट्यावर बसून म्हणायचे, "लाईट आठेच बनस, आनी आठेच नई!" आठे म्हणजे इथे. त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. त्यांना त्याची गंमत वाटायची.

आमच्या गावातली पोरं तिथे लागली ती फाटकावर. राखणदार म्हणून, नाहीतर साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून. वर चढणारे लोक बाहेरचे असायचे. कोणी गुजराती बोलायचे, कोणी हिंदी, कोणी आम्हाला न कळणारी भाषा. ते गावातल्या दुकानात साबण आणि बिस्किटं घ्यायला यायचे. त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या लोखंडी आकड्यांचा खळखळ आवाज यायचा. मला त्या आवाजाचं वेड होतं. लग्नात बायकांच्या पैंजणांकडे जसं लक्ष जातं, तसं माझं त्या आकड्यांकडे जायचं.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी त्याच माळावर काम करणारी एक कंपनी कॉलेजात आली. तंत्रज्ञ हवे होते. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, आणि त्यातून निवडलेल्यांना एका सकाळी माळावर बोलावलं. वर चढून दाखवायचं होतं. मुलांमध्ये आम्ही दोघी.

तिथला इंजिनिअर दक्षिणेकडचा, सावळा, हसऱ्या डोळ्यांचा. तुटक्या हिंदीत बोलायचा. त्याने आम्हाला आधी खाली सावलीत बसवलं आणि म्हणाला, तुम्हाला वाटतं वीज म्हणजे एकच काम, खांबावर चढायचं. असं नाही. मग तो सांगत गेला. वारा किती वाहतो ते वर्षभर मोजणारे लोक असतात. जमीन बघणारे असतात. पाया ओतणारे, क्रेन चालवणारे. पंख्याला तडा गेला तर दोरावर लटकून तो सांधणारे. दूर कुठल्या तरी शहरात पडद्यासमोर बसून इथली चक्की का थांबली ते ओळखणारे. त्याचा स्वतःचा भाऊ कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होता आणि बायको घरांच्या छतावर बसवायच्या सोलरची आखणी करायची. "पूरा खानदान बिजली का," तो म्हणाला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. आप्पांशिवाय वीज या विषयावर इतकं प्रेमाने बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग पट्टे बांधले. मांड्यांना, खांद्यांना, छातीवर. हेल्मेट. टॉवरच्या पोटात शिरलो. आत एकच शिडी सरळ वर गेलेली, आणि थंडगार. शिडीच्या मधोमध पोलादी पट्टी, तिच्यावर आपला आकडा अडकवायचा. पडलो तर तो जागच्या जागी धरतो. पुढे इंजिनिअर, मग मी, माझ्या मागे तळोदा.

ती डोंगरातली. लोकांना वाटतं, डोंगरातली माणसं म्हणजे झाडावर चढण्यात पटाईत. मलाही तसंच वाटत होतं. मधल्या फळीवर, जिथे दम खायला थांबतात, तिथे पोचलो आणि तिचा चेहरा पांढराफटक. तिने शिडी दोन्ही हातांनी कवटाळली होती. मग ती ओकली. सकाळची भाकर सगळी बाहेर आली. "मी नाही येणार रनाळे, तू जा," ती म्हणाली. इंजिनिअरने वरून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सर, पाणी पितोय.

मी तिच्या शेजारी बसले. माझ्या ओढणीने तिचं तोंड पुसलं. ती ओढणी मी पट्ट्याखाली कमरेला गुंडाळली होती, घ्यायची सवय सुटत नव्हती म्हणून. मी तिला म्हटलं, "खाली बघू नको, वरही बघू नको. माझ्या चपलांकडे बघ." बुटांकडे म्हणायचं होतं, तोंडून चपला आलं. ती हसली. हसल्यावर तिचे हात सुटले. मग ती माझ्या टाचांकडे बघत बघत वर आली.

वर पंख्याच्या मागे खोलीएवढी एक पेटी असते, तिच्यात सगळं यंत्र. चक्की थांबवलेली होती, तरी सगळी खोली सावकाश डुलत होती, बैलगाडीत बसल्यासारखी. इंजिनिअरने छताची झडप उघडली. आकडा अडकवून मी कमरेपर्यंत बाहेर आले.

मला भीती वाटली नाही. हे मी आज मोठेपणासाठी सांगत नाही. भीती असती तर मी आठवणीत ठेवली असती. मला फक्त वारा आठवतो. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, नंदुरबारच्या बाजूला वाळत घातलेल्या मिरचीच्या लाल पथाऱ्या, आणि खाली आमचं रनाळं, मूठभर. लहानपणापासून ज्या गावात हरवायची मला भीती असायची ते गाव एवढंसं. मला हसू आलं आणि थांबेना. तळोदा झडपेतून डोकं काढून म्हणाली, "वेडी झालीस का?" तिच्या ओठांवर अजून रंग आला नव्हता.

आम्हा दोघींची निवड झाली.

त्या संध्याकाळी आप्पा घरी नव्हते. कुठे तरी लाईन तुटली होती. मी चुलीजवळ बसून मायला सगळं सांगितलं. पट्टे, शिडी, वारा, आणि एक मुलगी कशी घाबरली, कशी ओकली. माय पदर तोंडाला लावून हसली. "आनी तू?" तिने विचारलं. मी म्हटलं, मला काय होतंय. तिने माझ्या ताटात तूप वाढलं आणि परत काही विचारलं नाही.

मला रुजू व्हायचं होतं परीक्षेनंतर. त्याआधी वैशाखात एक वावटळ आली. खांब वाकले, तारा पडल्या. आप्पा आणि त्यांचे सोबती दिवसभर लाईन उभी करत होते. लाईन बंद केलेली होती, तरी तारेत करंट आला. कुठून आला ते कोणाला कळलं नाही. कोणाचं तरी जनरेटर उलटं लागलं असेल असं म्हणाले, पण ते म्हणणंच राहिलं. आप्पा खांबावरून खाली आले ते पट्ट्याला लटकत.

आधी नंदुरबारला नेलं, तिथून सुरतेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तळवा आखडला. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेत. सुरतेच्या त्या दवाखान्याच्या पडवीत माय भिंतीला टेकून बसली होती. मी तिला चहा दिला. तिने तो घेतला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक माणूस तारना हवाले करं. आते आंडेर देवाव नही मी."

आंडेर म्हणजे लेक. आत आप्पा पडलेले, बाहेर माय अशी. त्या वेळी कुठली नोकरी आणि कुठला माळ. मी कंपनीला कळवलं की घरी अडचण आहे. त्यांनी दोन महिने थांबतो म्हणून सांगितलं. पुन्हा विचारलं, तेव्हा आप्पांच्या हाताची पट्टी अजून सुटली नव्हती. मग त्यांनी विचारणं बंद केलं.

तळोदा एकटी रुजू झाली.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती रनाळ्याला आली, आप्पांना भेटायला म्हणून. त्यांच्या खाटेजवळ बसली. मला अंगणात म्हणाली, "मी कोणाच्या टाचा बघू आता?" मी म्हटलं, "शिडीच्या पायऱ्या बघ." तिने मला मिठी मारली तेव्हा तिच्या नव्या बॅगेचा वास येत होता, करकरीत रेक्झिनचा.

आप्पा बरे झाले. त्यांना उपकेंद्रात बसून करायचं काम मिळालं. डाव्या हाताने लिहायला शिकले. त्या दिवसांत मला वाटायचं, आता ते म्हणतील, जा. ते कधी म्हणाले नाहीत. उलट गाडीवरून माळाच्या रस्त्याने जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे. टीव्हीवर कुठे पवनचक्की दिसली तर मधेच पाणी मागायचे. मी समजायचे, त्यांना सहन होत नाही. उंची, तार, काहीच सहन होत नाही. ज्या माणसाने मला हे सगळं दाखवलं त्याला आता ते बघवत नाही, तर आपण तोंडातून शब्द काढायचा नाही. मी शब्द काढला नाही.

पुढे मला नंदुरबारच्या एका खासगी आयटीआयत वायरिंग शिकवायची नोकरी मिळाली. लग्न झालं. नवरा शिक्षक, समजूतदार माणूस. मुलगा झाला.

आणि तळोद्याचे फोन येत राहिले. प्रत्येक फोन नव्या जागेवरून. पहिली काही वर्षं ती आमच्याच माळावर होती. मग गुजरातच्या किनाऱ्यावर गेली, पंख्यांच्या दुरुस्तीला. दोरावर लटकून. मधल्या फळीवर ओकलेली ती. "रनाळे, इकडे ये, दोन माणसं हवीत, मी तुझं नाव सांगते." तेव्हा मुलगा अंगावर पीत होता. मग ती एका कंट्रोल रूममध्ये बसली. "इथे चढायचं पण नाही. एसीत बसायचं. तुझी माय काही म्हणणार नाही." तेव्हा सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. मग राजस्थानात, वाळूत मांडलेल्या सोलरच्या शेतावर. "क्षितिजापर्यंत काचा. इथे देखभालीला मुली घेतात." तेव्हा मुलाची दहावी. मग बॅटरीचं काही तरी, मोठमोठ्या डब्यांत वीज साठवायची. ते मला नीट कळलंही नाही. मी म्हटलं, "आता आपलं शिक्षण जुनं झालं गं." ती म्हणाली, "माझं पण तेच शिक्षण आहे."

यातलं एकही कारण खोटं नव्हतं. आज मला त्याचंच वाईट वाटतं. खोटं असतं तर त्याला कुठे तरी धरता आलं असतं.

आयटीआयत दरवर्षी नव्या बॅचला मार्गदर्शन करायचं काम माझ्याकडे. ऊर्जा क्षेत्रातल्या संधी. मी चांगलं बोलते असं सगळे म्हणतात. मी मुलांना सांगते की शहाद्याकडे साखर कारखान्यात उसाच्या चोथ्यावर वीज होते, तिथे टर्बाईनवर माणूस लागतो. शेतातले सौर पंप बिघडले की तळोदा-अक्कलकुव्याकडे दुरुस्तीला कोणी मिळत नाही, मोटारसायकल आणि पेटी असली तर तेही काम आहे. कारखान्यात वीज कुठे वाया जाते ते शोधून देणारे लोक असतात, त्यांना त्यासाठी बोलावतात. मी त्यांना दोरावर लटकून पंखा सांधणाऱ्या बाईबद्दल सांगते. तिच्या हाताला सांधायच्या राळेचा वास कसा लागतो, समुद्रावरचा वारा दुपारनंतर कसा फिरतो, हेही सांगते. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही यातलं काय काय केलं?" वर्ग हसला नाही. त्याने खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, मी शिकवलं. आणि फळ्याकडे वळले. फळा आधीच पुसलेला होता, तरी पुसला.

काही वर्षांपूर्वी माय गेली. थोडक्या आजारात गेली. त्यानंतर आप्पा आमच्याकडे नंदुरबारला राहायला आले. महिन्यातून एखादा रविवार मी त्यांना गाडीतून रनाळ्याला नेते. शेत बघतात, काकांशी भांडतात, परत येतात.

अशाच एका रविवारी परतताना माळाच्या कडेला गाडी पंक्चर झाली. मी नवऱ्याला फोन केला, तो माणूस घेऊन निघाला. आम्ही दोघं लिंबाच्या सावलीला बसलो. समोर चक्क्या फिरत होत्या. मला वाटलं, आता आप्पा तोंड फिरवतील. त्यांनी फिरवलं नाही. बराच वेळ बघत राहिले आणि अगदी हळू, मला दुखू नये अशा आवाजात म्हणाले, "तू वर गई व्हती ना, तव्हय तुले भेव वाटनं. त्यामा लाज कसानी, बेटा? भल्लाभल्लास्ले वाटस."

भीती? मला? मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "कोणी सांगं तुम्हले?"

"तुन्ही मायनी. सुरतले व्हतूत तव्हय." ते सांगत गेले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मायला विचारलं होतं, पोरगी कधी रुजू होणार. माय म्हणाली, ती नाही जाणार. वर गेली तेव्हा घाबरली, ओकली, चेहरा पांढरा पडला. तिला जायचंच नाही, फक्त तुम्हाला सांगायला लाजते. तुम्ही विषय काढू नका. आणि आप्पांनी विषय काढला नाही. माळाच्या रस्त्याला मान वळवली ती माझ्यासाठी. टीव्हीवर चक्की दिसली की पाणी मागितलं ते माझ्यासाठी. मी लाजू नये म्हणून.

अजूनही गप्प बसता आलं असतं. आप्पा ऐंशीच्या घरात आहेत, ती समजूत घेऊन ते सुखात होते. पण तोंडून निघून गेलं, "माले नई वाटनं भेव, आप्पा. ओकनी ती. मी नई."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मंग का बरं नई गई तू?"

"मायनी नही म्हणं. आनी तुम्हना हात..." मी त्यांच्या हाताकडे बघितलं. "माले वाटनं, तुम्हलेच नको शे."

आप्पांनी आपला आखडलेला हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने तो दाबत राहिले. मग म्हणाले, "मी सोता तुले सोडाले उनू असतू. फटफटीवर." स्वतः सोडायला आले असते ते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आप्पांना रडताना मी सुरतेच्या दवाखान्यातही बघितलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, कशाला बोललीस. इतकी वर्षं तुझ्या एकटीचं होतं ते, आता त्यांच्या पानात वाढलंस.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "वरथीन रनाळं दिसस का?"

"दिसस."

"आपलं घर?"

"घर नई दिसस. चिंचना मांगे जास."

त्यांनी मान हलवली. चिंचेचं ते बरोबर होतं.

मायवर मला रागवायचं होतं. घरी येऊन मी तिच्या फोटोपुढे उभी राहिले तेव्हा रागवताही येईना. तिने माझ्याच तोंडची गोष्ट उचलली, फक्त माणूस बदललं. नवरा खाटेवर, लेक उंच शिडीवर, मधे तिने तिला सापडेल ते घातलं. ती जिवंत असती तर मी तिला विचारलं असतं, माय, एकदा तरी वाटलं का गं की सांगावं? या प्रश्नाचं उत्तर आता मला मिळायचं नाही.

तळोद्याला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी मोठ्याने हसली. "ओकले मी आणि नाव तुझं!" मग तिचा आवाज उतरला. "रनाळे," ती म्हणाली, "त्या दिवशी तू वर गेली नसतीस ना, तर मी खाली उतरून जीपने घरी गेले असते. आज एखाद्या पाड्यावर असते." मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, "मला पण माहीत आहे. रोज माहीत असतं."

ती आता गुजरातमध्ये एका प्रशिक्षण केंद्रावर आहे, नव्या मुलामुलींना उंचीवर काम करायला शिकवते. त्या फोननंतर महिन्याभराने ती रेल्वेने नंदुरबारला उतरली, मी तिला घ्यायला गेले. केस पिकलेत, रंगवत नाही. स्टेशनबाहेर चहा घेताना तिने सरळ विचारलं, "माझ्याकडे शिकवायला येशील? नवऱ्याशी बोल, मुलगा मोठा झाला. आता कोणतं कारण आहे?"

कारण खरंच नव्हतं. नवरा म्हणाला, जा. मुलगा म्हणाला, जा. आप्पा तर बॅग कोणती नेणार ते विचारायला लागले. मी गेले. पण तिथे शिकवणाऱ्यालाही वर चढावं लागतं आणि त्याआधी तपासणी असते. डॉक्टरांनी डोळे बांधून उभं केलं, मान फिरवायला लावली, कानात काहीतरी घालून बघितलं. मग म्हणाले, तुमच्या कानाचा तोल बिघडलेला आहे. जमिनीवर काही त्रास नाही, उंचीवर मात्र जाऊ नका. वयाने होतं काहींचं. तळोदा माझ्याशेजारी उभी होती. ती त्यांच्याशी हुज्जत घालायला लागली, तेव्हा मीच तिचा दंड धरला.

परत आले. आप्पांना सांगितलं, तिथलं काम मला आवडलं नाही. आता आमच्या घरात खरं न सांगणारी मी.

या वर्षी माझ्या वर्गात खांडबाऱ्याजवळची एक मुलगी होती. हुशार, हाताने साफ. केबलचं टोक असं सोलायची की एक तार तुटायची नाही. मीच तिला पवनचक्कीच्या कामासाठी तयार केलं, तळोद्याशी बोलून तिकडची निवड जमवली. मग एके दिवशी तिची आई आयटीआयत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, पाठवू का? उंच असतं म्हणतात."

मी तिला म्हटलं, मला विचारू नका. उद्या तिच्या वडिलांना पण घेऊन या, तिलाही बसवा. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलू. हे मी कुठून शिकले होते ते तिला काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. वडील टोपी हातात घेऊन खुर्चीच्या टोकाला बसले. ते म्हणाले, आमची ना नाही, पोरीची इच्छा असेल तर जाऊ दे. आईसुद्धा म्हणाली, जाऊ दे. मला वाटलं, जिंकले. मी मुलीकडे वळले. "बोल, तुला काय वाटतं? कोणाला घाबरू नको."

ती खाली बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, मला खरंच भीती वाटते. आमच्या घराच्या माळ्यावर चढले तरी पाय कापतात. तुम्ही इतकं मनापासून सांगत होता म्हणून मी बोलले नाही. मला सौर पंपाच्या दुरुस्तीचं काम करायचं आहे. नवापूरला एकांकडे जागा आहे."

तिच्या आईने सुटकेचा श्वास सोडला. वडिलांनी टोपी घातली. मी म्हटलं, "चांगलं आहे. खूप चांगलं काम आहे ते." तसं ते आहेच, मीच दरवर्षी सांगते. मी तिला पेटीत कोणती हत्यारं आधी घ्यायची ते सांगितलं, मीटर चांगलं घे म्हटलं.

ते गेल्यावर मी वर्गात एकटीच बसले. मुलीने खरं सांगितलं, वेळेवर सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण तिने भीती वाटत नाही असं म्हटलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं, हे माझं मला कळलं आणि मी उठून पंखा बंद केला.